मानसोपचारात ईईजी सांगितलाय? पैसे भरण्याआधी हे वाचा

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘ईईजी’ (मेंदूतल्या विजेची नोंद) लिहिलं, तर केबिनमधून उठण्याआधी विचारून घ्या : या तपासणीतून नेमकं काय ठरणार आहे? नैराश्य, स्किझोफ्रेनिया, चिंता यांपैकी एकाही आजाराचं नाव ईईजीच्या कागदावर उमटत नाही. ते निदान रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच होतं. ईईजी सांगतात तो दुसरी शंका फेडायला. फेफरं तर नाही? मेंदूला सूज, औषधाचा दुष्परिणाम किंवा शरीरातला दुसरा बिघाड तर नाही?

म्हणून पुढील लक्षणांत ही तपासणी जरूर करा. माणूस मधेच एकटक बघत राहतो, हाक मारली तरी ओ देत नाही, ओठ चावत राहतो. झोपेत झटके येतात. तापानंतर वागणं एकदम बदललं. उतारवयात पहिल्यांदाच भास सुरू झाले. ‘अंगात येतं’ म्हणून ज्यांना गावोगाव फिरवलं जातं, त्यांच्यातही कधी कधी फेफरंच निघतं. मात्र ताप आणि बरळणं एकत्र असेल तर नंबर लावत बसू नका, थेट दवाखान्यात न्या. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करा.

कुठे जायचं? नांदेड जिल्ह्यातल्या कंधारकरांनी नांदेड किंवा लातूर गाठायचं आहे, असं धरूनच चाला. आधी कंधारच्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढा आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी घ्या. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. लोह्यावरून नांदेडला जाणारी एसटी विष्णुपुरीवरूनच जाते. नांदेड शहरात उतरून परत रिक्षा करू नका, तिथेच उतरा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. निघण्याआधी मशीन चालू आहे का आणि तंत्रज्ञ कोणत्या वारी असतात, हे फोनवर विचारा. पन्नासेक किलोमीटर जाऊन हात हलवत परतणं हाच सगळ्यात मोठा छुपा खर्च आहे.

खर्चाचं गणित. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं या विभागाखाली येत नाहीत, तिथे शासकीय दराने पैसे भरावे लागतात. रक्कम खासगीपेक्षा बरीच कमी असते. रेशन कार्ड दाखवून सवलत मिळते का, हे खिडकीवर विचारा. खासगीत साधा ईईजी साधारण १,००० ते २,५०० रुपयांना पडतो. व्हिडिओ ईईजी, म्हणजे तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर ठेवून केलेली नोंद, याच्या कित्येक पट महाग. पहिल्याच भेटीत ती सांगितली तर कारण विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड ओपीडीतल्या ईईजीला सहसा चालत नाही, ती योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहे.

आता बिलात मागून शिरणाऱ्या रकमा. रिपोर्ट वाचायचे वेगळे पैसे. झोपेतल्या नोंदीचे वेगळे. लहान मुलाला झोपेचं औषध दिलं तर त्याचे वेगळे. ‘सगळं धरून किती?’ हे आधीच विचारा आणि पावती घ्या. अमुकच सेंटरला जा असा आग्रह झाला, तर दुसऱ्या ठिकाणचा दर विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सर्वांत जपून राहायचं ते ‘ब्रेन मॅपिंग’पासून. मेंदूचं लाल-निळं रंगीत चित्र काढून देतात आणि ‘यात नैराश्य दिसतंय’ असं सांगतात. ते चित्र ईईजीच्याच आकड्यांवरून संगणकाने रंगवलेलं असतं. त्यावरून मानसिक आजाराचं निदान करणं मान्य पद्धतीत बसत नाही. हजारो रुपयांचं असं पॅकेज घेऊ नका. तेच पैसे थायरॉईड, बी-१२, साखर या रक्ततपासण्यांना आणि औषधांना पुरतील. मानसिक आजाराच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी ईईजी लागतो, असं कुणी म्हणालं तर तेही ऐकू नका. तिथे ‘आयडियाज’ नावाच्या मापनाने टक्केवारी ठरते.

तयारी घरीच करायची आहे. आदल्या दिवशी शाम्पूने डोकं धुवा. त्यानंतर तेलाचा थेंबही नको, तेलकट डोक्याला तारा चिकटत नाहीत. जेवून जा, उपाशीपोटी नको. चहा-कॉफी टाळा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण कोणत्या चालू आहेत ते सांगा. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांनी आलेख बदलतो. सोबत आधार, रेशन कार्ड, जुने कागद, गोळ्यांची पाकिटं आणि झटका डोळ्यांनी पाहिलेला माणूस घ्या. झटक्याचा मोबाईलवर व्हिडिओ असेल तर तो आधी दाखवा. कित्येकदा डॉक्टरांना त्यातूनच जास्त कळतं.

झोपेतल्या नोंदीसाठी रात्री जागून यायला सांगितलं असेल तर एसटीत डुलकी लागू देऊ नका. रुग्णाला पूर्वी उन्माद, म्हणजे मॅनिया, झाला असेल तर जागरणाआधी डॉक्टरांना तसं सांगा. जागरणाने तो उसळू शकतो. जागरणानंतर रुग्णाच्या हाती मोटारसायकल नको.

तपासणीत शॉक देत नाहीत. वीज आत सोडत नाहीत, मेंदूची आहे तेवढी टिपतात. तंत्रज्ञ टेपने डोकं मोजतो, पेन्सिलीने खुणा करतो, त्या जागा खरबरीत जेलने चोळतो आणि वीसेक छोट्या वाट्या पांढऱ्या पेस्टने चिकटवतो. मग आडवं पडायचं. डोळे मिटा, उघडा. तीनेक मिनिटं जोरात श्वास घ्या. बोटांना मुंग्या येतील, घाबरू नका. मग डोळ्यांसमोर दिवा लुकलुकतो. नोंद वीस ते तीस मिनिटांची, सगळं मिळून तासभर. पेस्ट कोमट पाण्याने निघते.

रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तर त्यातून फेफरं नाही असं सिद्ध होत नाही, आणि रुग्ण ढोंग करतो असं तर मुळीच नाही. घरात कुणी तसं म्हणू लागलं तर तिथेच थांबवा. रिपोर्टची प्रत मागून घ्या. आपले वैद्यकीय कागद मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिला आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर नवी तपासणी करण्याआधी जुनी दाखवा. रिपोर्ट दाखवायला परत जाताना पुन्हा पूर्ण फी लागते की काही दिवस सूट असते, हे पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारून ठेवा. मधल्या दिवसांत रुग्णाचा त्रास वाढला तर टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.