करार भिंतीवर, विद्यार्थी कुठे?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत शिक्षणाचं कौतुक जुनं आहे. पणजोबा शिंदे सरकारच्या दप्तरात, आजोबा एजी ऑफिसात, वडील बँकेत, अशी साखळी लष्करच्या फाळके बाजारात कुठेही सापडेल. आता त्याच घरातली मुलगी जीवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. होते आणि म्हणते, ‘मला पीएच.डी. करायचीय.’ घरात थोडी शांतता पसरते. मग दोन प्रश्न येतात. एक, ‘अजून पाच वर्षं? आणि त्यात पैसे मिळतात की आपणच भरायचे?’ दोन, ‘त्या दुसऱ्या विद्यापीठाचे म्हणे पुष्कळ कंपन्यांशी करार आहेत, तिथेच घालूया का?’

पहिला प्रश्न अगदी रास्त आहे. पालक तो विचारायला संकोचतात, ते चुकीचं. फसगत होते ती दुसऱ्या प्रश्नात.

आधी पैशाचं. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार रुपये आणि त्यावर घरभाडे भत्ता मिळतो. दोन वर्षांनी कामाचा आढावा होतो, तो पार पडला की रक्कम ४२ हजार होते. एवढ्या पैशांत ग्वाल्हेरसारख्या शहरात मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहते. पण ‘जेआरएफ’ या एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी चालतात, आणि हे घरी कुणी सांगत नाही. नेटमधून आलेली फेलोशिप विद्यार्थ्याची असते. प्राध्यापकाला मिळालेल्या प्रकल्पातली ‘प्रोजेक्ट जेआरएफ’ ही प्रकल्पाची असते. प्रकल्प संपला की पगार संपला, मग प्रबंध अर्धा असो की पाऊण. प्रोजेक्ट जेआरएफ वाईट असं मुळीच नाही, कितीतरी चांगले संशोधक तिथूनच पुढे आले. फक्त प्रकल्पाची किती वर्षं उरलीत, ते रुजू होण्याआधी विचारा.

जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफ, सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. ‘नेट झाली’ एवढं ऐकून पेढे वाटू नका. तिसऱ्या गटातल्या विद्यार्थ्याला प्रवेशाची संधी मिळते, पैसे नाही. मुदतीचंही नीट समजून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, त्यावर विद्यापीठ दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देऊ शकतं. स्त्रियांना आणखी दोन वर्षं आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. ‘लग्नाचं वय निघून जाईल’ म्हणणाऱ्या काकूंना हा नियम छापून द्यावा.

आता करारांकडे. सामंजस्य करारावर दोन सह्या होतात, फोटो निघतो, फ्रेम भिंतीवर लागते. त्यातल्या किती करारांतून एखादा विद्यार्थी कंपनीच्या प्रयोगशाळेत गेला, हे प्रवेशपुस्तिकेत लिहिलेलं नसतं. ग्वाल्हेरच्या आजूबाजूला उद्योग नाहीत असं नाही. मालनपूरला चॉकलेट बनतं, साबण बनतो, बानमोरला टायर बनतात. पण कारखाना आणि संशोधन बहुधा एका फाटकातून आत जात नाहीत. बानमोरला टायर बनवणाऱ्या कंपनीचं संशोधन केंद्र म्हैसूरला आहे. इथल्या कारखान्यांत बी.एस्सी.-एम.एस्सी.वाल्यांना गुणवत्ता तपासणीचं चांगलं काम मिळतं, इंटर्नशिपही मिळते. त्याला पीएच.डी.चा उद्योगसंबंध समजू नये.

खरा संबंध कसा असतो, ते पाहायला ग्वाल्हेर सोडायची गरज नाही. झाशी रोडवरची डीआरडीई ही संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा १९४७ साली ‘जीवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी’ म्हणून सुरू झाली. नावातच ‘इंडस्ट्रियल’ होतं. पुढे ती संरक्षण खात्याकडे गेली आणि १९७३ पासून आजच्या नावाने काम करते आहे. रासायनिक आणि जैविक अस्त्रांपासून बचाव हा तिचा मुख्य विषय. तिथे काम करून जीवाजी विद्यापीठाची पीएच.डी. घेतलेल्यांची रांग मोठी आहे: प्रयोग तिकडे, नोंदणी आणि पदवी इकडे. १९६४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला यंत्रसामग्रीने सज्ज प्रयोगशाळा शेजारी मिळाली आणि प्रयोगशाळेला तरुण हात मिळाले. या सोयरिकीसाठी फ्रेमची गरज पडली नाही.

याच प्रयोगशाळेतलं जैवशौचालयाचं काम बघा. सियाचीन-लडाखच्या थंडीत मैला कुजत नाही, साचून राहतो. थंडीतही काम करतील अशा जिवाणूंचं मिश्रण डीआरडीईने तयार केलं. बंद टाकीत, हवेशिवाय, ते मैल्याचं पाणी आणि वायू करतात. तेजपूरच्या सहयोगी प्रयोगशाळेचाही यात वाटा होता. मग परवाने देऊन हे तंत्र खासगी उत्पादकांकडे गेलं आणि रेल्वेच्या डब्यांखाली टाक्या बसल्या. पुढचा भाग विद्यार्थ्यांनी जास्त लक्ष देऊन वाचावा. २०१७ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी तुंबलेल्या टाक्यांच्या तक्रारींवर बोट ठेवलं. प्रवासी त्यात बाटल्या टाकतात, गुटख्याच्या पुड्या टाकतात. चंचुपात्रात शहाण्यासारखा वागणारा जिवाणू जनरल डब्याखाली काय करेल, हा प्रश्न उद्योगासोबत काम केल्यावरच पडतो. आणि मला विचाराल तर पुढच्या कितीतरी प्रबंधांचे विषय तिथेच दडलेले आहेत.

डीआरडीईसारख्या ठिकाणी एक अट मात्र आधीच समजून घ्यावी. तिथलं सगळं छापता येत नाही, शोधनिबंध पाठवण्यापूर्वी परवानगी लागते. कंपनीच्या पैशांवर पीएच.डी. करणाऱ्याचंही तेच. म्हणून विचारायचं ते असं: निकाल कधी छापता येतील? पेटंट निघालं तर त्यावर विद्यार्थ्याचं नाव संशोधक म्हणून लागेल का? आणि आधी पेटंटचा अर्ज, मग शोधनिबंध, हा क्रम विद्यापीठाचा पेटंट कक्ष सांभाळतो का? उलटं झालं तर नावीन्यच गेलं म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे, तेव्हा ‘खर्च परवडत नाही’ हे कारण आता फारसं टिकत नाही.

संगणकाकडे ओढा असणाऱ्यांनी १९९७ साली सुरू झालेली ट्रिपल आयटी पाहावी, अभियांत्रिकीवाल्यांनी माधव इन्स्टिट्यूट. शेतीची ओढ असेल तर राजमाता विजयाराजे शिंदे कृषी विद्यापीठ शहरातच आहे. संस्था कोणतीही असो, विचारपूस एकच.

पाहायला जाल तेव्हा कुलसचिवांच्या दालनात वेळ घालवू नका. विभागाच्या मागच्या चहाच्या टपरीवर चौथ्या-पाचव्या वर्षाचे संशोधक भेटतात, त्यांच्याशी बोला. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला येते का? रसायनं मागवली तर किती दिवसांनी हातात पडतात? गाइडकडे किती विद्यार्थी आहेत? नियमाने प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार घेता येतात. गाइड कधी निवृत्त होणार, हेही विचारा. तीन वर्षांहून कमी सेवा उरली असेल तर त्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही. कुणी आग्रहाने घेऊ पाहत असेल तर नम्रपणे नमस्कार करून पुढच्या खोलीचा दरवाजा ठोठवा.