दुसरा डाव

खेळाडूंची चरित्रे बहुधा विजयाच्या क्षणापाशी थांबतात. या पाठात मात्र खेळणे संपल्यानंतरची हकीकत आहे. इंग्लंडचे फुटबॉलपटू ब्रायन क्लफ यांची कारकीर्द एका दुखापतीने अकाली संपली. त्यांचे नाव जगभर झाले ते त्यानंतर, संघाचे व्यवस्थापक म्हणून.

क्लफ यांचा जन्म १९३५ साली मिडल्सब्रो या औद्योगिक नगरात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये मुलांची अकराव्या वर्षी एक परीक्षा होई आणि पुढची शाळा तिच्या निकालावर ठरे. ब्रायन त्या परीक्षेत नापास झाला. पंधराव्या वर्षी कोणतेही प्रमाणपत्र हाती नसताना त्याने शाळा सोडली आणि एका रसायन कारखान्यात नोकरी धरली. फुटबॉलमधली पदके हीच आपली प्रमाणपत्रे, असे ते पुढे सांगत.

मैदानावर मात्र त्यांची गती विलक्षण होती. मिडल्सब्रो व संडरलँड या संघांसाठी त्यांनी २७४ साखळी सामन्यांत २५१ गोल केले. हे गोल बहुतांशी दुसऱ्या श्रेणीतले होते हे खरे. तरीही असा वेग फार थोड्यांना साधला आहे. २६ डिसेंबर १९६२ रोजी बरी संघाविरुद्ध खेळताना त्यांची प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. पुढे १९६४ मध्ये ते पुन्हा उतरले, पण तीन सामन्यांतच सारे आटोपले. तेव्हा त्यांचे वय होते एकोणतीस.

इंग्लंडमध्ये संघाचा व्यवस्थापक म्हणजे केवळ हिशेब पाहणारा अधिकारी नव्हे. खेळाडू निवडणे, त्यांची खरेदी-विक्री करणे, खेळाची रीत ठरवणे हे सारे तेव्हा त्याच्याकडे असे. १९६५ मध्ये चौथ्या श्रेणीतल्या हार्टलपूलच्या संघाने तिशीतल्या क्लफ यांना हे काम दिले. क्लबची आर्थिक स्थिती अशी, की संघाची बस चालवता यावी म्हणून त्यांनी परवाना काढला! सोबतीला मिडल्सब्रोतील जुने मित्र, गोलरक्षक पीटर टेलर होते. गुणी खेळाडू हेरावा टेलर यांनी आणि त्याच्याकडून खेळ काढून घ्यावा क्लफ यांनी, अशी ही जोडी होती.

या जोडीने डर्बी काउंटी हा दुसऱ्या श्रेणीतला संघ १९७२ साली इंग्लंडचा विजेता केला. संचालकांशी बिनसल्यावर क्लफ यांनी डर्बी सोडले. १९७४ मध्ये टेलर यांच्याशिवाय ते लीड्सला गेले आणि तेथून चव्वेचाळीस दिवसांत त्यांची उचलबांगडी झाली. स्वभाव तिखट आणि जिभेला लगाम नाही, याची किंमत त्यांनी वेळोवेळी मोजली.

१९७५ मध्ये ते नॉटिंगहॅम फॉरेस्टला आले. पुढच्या वर्षी टेलरही आले. तेथे जॉन रॉबर्टसन नावाचा स्थूल, सुस्त, अडगळीत पडलेला खेळाडू होता. दोघांनी त्याची कानउघाडणी केली आणि त्याला डाव्या बगलेवर उभे केले. त्याची सिगारेट काही सुटली नाही, खेळ मात्र बहरला. फॉरेस्ट १९७७ मध्ये पहिल्या श्रेणीत आला आणि १९७८ मध्ये विजेता ठरला. १९७९ च्या युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात रॉबर्टसनच्या पासवर ट्रेव्हर फ्रान्सिसने माल्मोविरुद्ध गोल केला. १९८० मध्ये हॅम्बर्गविरुद्धचा एकमेव गोल खुद्द रॉबर्टसनचा होता.

याच रॉबर्टसनवरून मैत्री तुटली. डर्बीचे व्यवस्थापक झालेल्या टेलर यांनी १९८३ मध्ये क्लफ यांना न सांगता त्याला आपल्या संघात घेतले. क्लफ यांनी अबोला धरला. १९९० मध्ये टेलर वारले, तोवर तो सुटला नव्हता. क्लफ १९९३ मध्ये निवृत्त झाले आणि २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. डर्बीच्या मैदानाबाहेर २०१० मध्ये बसवलेल्या पुतळ्यात दोघे मित्र शेजारी उभे आहेत.

स्वाध्याय
१. क्लफ आणि टेलर एकमेकांना पूरक कसे होते, ते पाठाच्या आधारे लिहा.
२. अबोला सोडण्यासाठी क्लफ यांनी टेलर यांना पत्र लिहिले असते, तर काय लिहिले असते? कल्पनेने दहा ओळी लिहा.