होमस्टेची जकुझी बंद पडली? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे बघा

हरिहरेश्वर-श्रीवर्धन पट्ट्यात होमस्टे काढताय आणि जकुझी, म्हणजे हॉट टब, बसवताय? मग हे लिहून ठेवा. शनिवारी पाहुणे दारात आणि टब बंद, की बुकिंगचे पैसे परत मागितलेच म्हणून समजा.

हात लावण्याआधी मेन स्विच बंद!

१. पाणी तापत नाही: आधी फिल्टर धुवा. तो तुंबला की पाणी कमी फिरतं आणि हीटर स्वतःच बंद होतो. किनाऱ्यावरची वाळू पायांबरोबर येते; टबाशेजारी पाय धुवायला नळ द्या.

२. पंप वाजतो, पाणी फिरत नाही: पाणी बदलल्यावर पाइपात हवा अडकते. पातळी पूर्ण भरा, पंपाजवळचा जोड थोडा सैल करून हवा सोडा, पाणी आलं की घट्ट करा.

३. फेस येतो: अंगाचं तेल, साबण, सनस्क्रीन. अंघोळ करूनच उतरायला सांगा. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ ठेवा.

४. आरसीसीबी पडतो: एकदा वर करा. परत पडला तर थांबा. खाऱ्या हवेत जोड गंजतात, हीटरमधून करंट गळतो. ३० मिलिअँपिअरचा हा स्विच जीव वाचवतो. तो बायपास करायचा नाही म्हणजे नाही. इलेक्ट्रिशियन बोलवा, पाहुण्यांचे पैसे परत करा. बुकिंग परत मिळेल, माणूस नाही.

आणि दर शुक्रवारी सकाळी टब चालवून बघा. बिघाड निघाला तरी दुरुस्तीला एक दिवस हातात राहतो.