ऊर्जेची शिदोरी

लांबच्या प्रवासास निघणारा वाटसरू शिदोरी बांधताना दोन गोष्टी पाहतो : ती पोटभर असावी आणि तिचे ओझे मात्र हलके असावे. यंत्रांचीही गोष्ट अशीच आहे. इंधन ही यंत्रांची शिदोरीच होय. कोणत्या इंधनात किती ऊर्जा साठविलेली असते, हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ ‘मेगाज्यूल’ हे माप वापरतात. १ मेगाज्यूल उष्णतेने सुमारे ३ लिटर पाणी उकळू लागते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे या मापाची कल्पना येते.

१ किलोग्रॅम वाळलेले लाकूड जाळले असता सुमारे १६ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. उत्तम दगडी कोळशापासून ती जवळजवळ दुप्पट मिळते, तर पेट्रोलपासून सुमारे ४६ मेगाज्यूल. मोटारीने व विमानाने खनिज तेलाची कास धरली, त्याचे एक प्रमुख कारण हेच. वजनाच्या मानाने हायड्रोजन तर या सर्वांचा मुकुटमणी ! त्याच्या १ किलोग्रॅमपासून सुमारे १२० मेगाज्यूल ऊर्जा लाभते. परंतु हा वायू अतिशय विरळ असल्यामुळे साध्या दाबाखाली तेवढ्या हायड्रोजनला ११ ते १२ घनमीटर जागा लागते. वजनात मिळविले, ते जागेत गमावले !

विजेच्या मोटारीतील लिथियमच्या घटसंचात दर किलोग्रॅममागे १ मेगाज्यूलही ऊर्जा मावत नाही. डोंगरावर साठविलेल्या पाण्याची ऊर्जा त्याहूनही अल्प. सुमारे १२,००० किलोग्रॅम पाणी ४०० मीटर उंचीवरून खाली आले, तर अवघ्या १ किलोग्रॅम पेट्रोलाइतकी ऊर्जा मिळते.

मग या साधनांचा उपयोग तो काय ? पेट्रोल एकदा जळले की संपले. आणि ज्या खनिज तेलापासून ते काढतात, ते घडण्यास कोट्यवधी वर्षे लागली आहेत. उलट, विद्युत्घट पुन्हा पुन्हा भरता येतो. सह्याद्रीतील घाटघर येथे २००८ साली सुरू झालेल्या २५० मेगावॉटच्या प्रकल्पात, विजेची मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवितात आणि मागणी वाढताच तेच पाणी सोडून वीज निर्माण करतात. पाणी चढविताना काही ऊर्जा खर्ची पडते हे खरे. परंतु तेच पाणी वर्षानुवर्षे राबत राहते.

विमानाला हलके इंधन हवे. डोंगरावरील जलाशयाला वजनाची क्षिती नसते. तेव्हा साठ्याची थोरवी केवळ त्यातील ऊर्जेवरून ठरत नाही. तो कोठे, कशासाठी आणि किती वेळा उपयोगी पडतो, हेही पाहावे लागते. जे एकदाच वापरता येते, ते जपून वापरावे, यातच मानवाचे शहाणपण आहे.