फ्रिजमधलं पाणी, वास आणि न थांबणारं मशीन

प्रश्न : फ्रिजमध्ये भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं, वासही येतो. उन्हाळ्यात तर मशीन थांबतच नाही. काय करू?
– एक गृहिणी, अंबड (जि. जालना)

उत्तर : ताई, फ्रिजच्या आत मागच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. वितळलेलं पाणी तिथूनच कॉम्प्रेसरजवळच्या भांड्यात उतरतं. कोथिंबिरीचं एखादं पान अडकलं की पाणी ट्रेखाली साचतं. कान कोरायच्या कापसाच्या काडीने छिद्र हलकेच मोकळं करा, थोडं कोमट पाणी सोडा. ते भांडं निघत असेल तर धुवाच. कित्येकदा वास तिथलाच असतो. आतून पुसायला लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा पुरे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या पुढे जातो. त्यात मागच्या जाळीवर धुळीचा थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही. प्लग काढून मऊ ब्रशने जाळी झाडा, फ्रिज भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. दारात कागदाचा कपटा धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर रबर सैल झालंय.

बर्फ मात्र सुरीने कधीच खरवडू नका. नळीला भोक पडलं तर गॅस जातो, आणि बऱ्याच नव्या फ्रिजमधला आर-600ए गॅस पेट घेणारा असतो.