कच्ची क्रॅनबेरी : पोषण आणि उपयोग

प्रश्न : कच्च्या क्रॅनबेरीत कोणती पोषणमूल्ये असतात? ती कशी वापरावी?

उत्तर : क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतल्या दलदलीत वाढणाऱ्या वेलीसारख्या झुडपाचे लाल, आंबट-तुरट फळ आहे. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक पीक विस्कॉन्सिन राज्यात येते. फळ आडवे कापले की आत हवेचे चार कप्पे दिसतात. त्यामुळे ते पाण्यावर तरंगते आणि शेतात पाणी सोडून काढणी करता येते.

100 ग्रॅम कच्च्या फळात सुमारे 87 ग्रॅम पाणी, 12 ग्रॅम कर्बोदके, 4 ग्रॅम साखर, जवळपास 4 ग्रॅम तंतू आणि 14 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. उष्मांक फक्त 46. फळातील प्रोअँथोसायनिडिन हे घटक ई. कोलाय जंतूंना मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांना त्याचा प्रतिबंधासाठी उपयोग होऊ शकतो. झालेला संसर्ग मात्र त्याने बरा होत नाही.

नुसती खाण्यास ही फळे फार आंबट लागतात. सफरचंद-संत्र्याबरोबर कोशिंबिरीत, चटणीत किंवा स्मूदीत ती चांगली लागतात. थोड्या पाण्यात साखर घालून शिजवली की फळे तडतडून फुटतात आणि पेक्टिनमुळे सॉस आपोआप घट्ट होतो. धुऊन, कोरडी करून फ्रीझरमध्ये ठेवल्यास ती कित्येक महिने टिकतात.

आपल्याकडे सुकी क्रॅनबेरी सहज मिळते, पण तिच्यात बहुधा भरपूर साखर घातलेली असते. वेष्टन वाचूनच घ्यावी. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी आणि मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी नियमित सेवनापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.