चार पंख्यांचा तोल

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी लखनौमध्ये 'जमघट' असतो. त्या दिवशी शहरातील गच्च्या माणसांनी आणि आकाश पतंगांनी भरून जाते. आपल्याकडे येवल्यात किंवा नागपुरात संक्रांतीला जे दृश्य दिसते, तसेच हे दृश्य असते. पतंगाला मात्र वारा लागतो आणि दोरही लागतो. वारा पडला की पतंग खाली येतो आणि दोर तुटला की तो परका होतो. या दोहोंवाचून हवेत एका जागी स्थिर राहणारे एक यंत्र आज घरच्या टेबलावर जुळवता येते. त्याला आपण ड्रोन म्हणतो. चार पंख्यांच्या ड्रोनला क्वाडकॉप्टर असे नाव आहे. 2009 साली आलेल्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटात तुम्ही ते पाहिले असेल. चित्रपटातील ते यंत्र मुंबईच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांच्या 'आयडियाफोर्ज' या कंपनीने तयार केले होते.

प्रस्तुत पाठात हे यंत्र कसे जुळवतात आणि ते हवेत कसे टिकते, हे आपण पाहणार आहोत.

नाल्यातील पिल्लू

जून 2018 मधील गोष्ट. लखनौ येथील यंत्रमानव-तंत्रज्ञ मिलिंद राज सकाळी फिरायला निघाले असताना त्यांना कुत्र्याच्या पिल्लाचे केविलवाणे ओरडणे ऐकू आले. पिल्लू एका खोल, घाणीने भरलेल्या नाल्यात अडकले होते. माणसाने आत उतरणे धोक्याचे होते. मिलिंद राज घरी परतले. आपल्या घरच्या प्रयोगशाळेत त्यांनी सहा पंख्यांच्या ड्रोनला एक यांत्रिक हात जोडला. या कामाला सुमारे सहा तास लागले. मग तो ड्रोन नाल्यात उतरवून त्यांनी पिल्लाला अलगद उचलले आणि बाहेर काढले.

या प्रसंगात कौतुक कशाचे करावे? यंत्राने वजन उचलले, याचे फारसे नवल नाही. वजन क्रेनही उचलते. खरे नवल वेगळेच आहे. खाली जिवंत, धडपडणारे ओझे लोंबकळत असताना आणि त्याचा भार क्षणोक्षणी सरकत असताना ते यंत्र कलंडले नाही.

तोल कोणी सांभाळायचा?

चार पंख्यांवर उडण्याची कल्पना नवी नाही. 1907 साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि प्राध्यापक रिशे यांनी असे यंत्र बनवले होते. ते माणसासह जमिनीपासून थोडेसे वर उचललेही गेले. परंतु त्याचा तोल राखण्यासाठी चार कोपऱ्यांवर चार माणसे ते धरून उभी होती! पुढे 1924 मध्ये एतियेन एमिशाँ या फ्रेंच अभियंत्याने चार पंख्यांच्या यंत्रातून एक किलोमीटरचा फेरा पूर्ण केला. त्यासाठी त्याला चार मोठ्या पंख्यांच्या जोडीला आठ लहान पंखे बसवावे लागले. इंजिनाची ताकद पुरेशी होती. अडचण तोलाची होती.

एक कृती करून पाहा. लांब काठी तळहातावर उभी धरा. तिच्या टोकाकडे पाहत राहिलात तर हात आपोआप इकडेतिकडे सरकतो आणि काठी उभी राहते. आता डोळे मिटा. काठी लगेच पडेल. डोळ्यांनी कल ओळखणे आणि हाताने तो लगेच सावरणे, या दोन्ही क्रिया सतत चालू राहिल्या तरच तोल टिकतो.

ड्रोनमध्ये हे काम काडेपेटीपेक्षाही लहान अशी एक पट्टी करते. तिला फ्लाइट कंट्रोलर म्हणतात. आपण तिला उड्डाण-नियंत्रक म्हणू. यंत्र कोणत्या दिशेला किती वेगाने फिरत आहे, हे तिच्यावरील जायरोस्कोप सांगतो. खालची दिशा कोणती, हे ओळखण्यास त्वरणमापक मदत करतो. मोबाइल आडवा धरला की पडद्यावरील चित्र आडवे होते, तेही अशाच संवेदकांमुळे. फोनच्या निमित्ताने हे संवेदक लाखोंनी बनू लागले, स्वस्त झाले आणि हौशी माणसाच्या हाती आले. त्यांच्याकडून मिळालेल्या माहितीवरून नियंत्रक सेकंदाला शेकडो वेळा प्रत्येक मोटारीचा वेग किंचित कमी-अधिक करतो. ब्रेगे बंधूंची ती चार माणसे आता या पट्टीत बसली आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

सुटे भाग आणि जोडणी

एका कर्णावरील दोन पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि दुसऱ्या कर्णावरील दोन उलट दिशेने. सर्व पंखे एकाच दिशेने फिरले, तर यंत्राचा सांगाडा विरुद्ध दिशेने गरगरू लागेल. चारही पंख्यांचा वेग वाढवला की यंत्र वर जाते. मागच्या दोघांचा वाढवून पुढच्या दोघांचा कमी केला की ते पुढे झुकते व पुढे सरकते. एका कर्णावरील जोडीचा वेग वाढवून दुसरीचा तितकाच कमी केला, तर ते जागच्या जागी वळते. सुकाणू नाही, शेपूट नाही. सारा खेळ वेगाचा आहे.

आता हिशेब. चौकट, मोटारी, बॅटरी धरून यंत्राचे वजन 1200 ग्रॅम होणार असेल, तर चारही मोटारींचा एकत्रित जोर निदान त्याच्या दुप्पट, म्हणजे 2400 ग्रॅम असावा. याचा अर्थ प्रत्येक मोटारीने 600 ग्रॅम तरी उचलले पाहिजेत. केवळ वजनाइतकाच जोर असेल, तर तोल सावरायला शिल्लक काहीच उरत नाही. भाग विकत घेण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा. पुष्कळ हौशी लोक आधी खरेदी करतात आणि मग हिशेब करतात, ही गोष्ट वेगळी.

प्रत्येक मोटारीला एक वेगनियंत्रक लागतो. मोटारीपासून निघणाऱ्या तीन तारा त्याला डाख लावून, म्हणजे सोल्डरिंग करून जोडतात. मोटार उलटी फिरू लागली तर घाबरू नये. तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की ती सुलटी फिरते. वेगनियंत्रकांना बॅटरीकडून येणाऱ्या धन व ऋण तारांची मात्र कधीही अदलाबदल होऊ देऊ नये. तशी झाली तर भाग क्षणात जळतात.

सर्वांत अधिक सांभाळायची वस्तू म्हणजे बॅटरी. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा एक घट सुमारे 3.7 व्होल्टचा असतो आणि तीन घटांची बॅटरी 11.1 व्होल्टची. ती हलकी असून एकदम पुष्कळ विद्युतप्रवाह देते. याच गुणामुळे ती धोकादायकही आहे. ती तिच्यासाठी असलेल्या चार्जरनेच भारित करावी आणि त्या वेळी जवळ बसून राहावे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. एवढी काळजी घेऊन पदरी काय पडते? वर सांगितलेल्या वजनाच्या यंत्राला 2200 मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर 7 ते 8 मिनिटांचे उड्डाण.

पाती सर्वांत शेवटी बसवावीत. घरात चाचण्या घेताना ती काढलेलीच असावीत. फिरणारे पाते बोट कापते, आणि मोटार केव्हा सुरू होईल याचा नवशिक्याला अंदाज नसतो.

गच्चीवरून उडवण्याआधी

9 फेब्रुवारी 2022 रोजी केंद्र सरकारने संपूर्ण तयार ड्रोन परदेशातून आणण्यास बंदी घातली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांना त्यातून वगळले आणि सुट्या भागांवर बंदी घातली नाही. त्यामुळे जोडणीच्या कौशल्याला नवे मोल आले. मात्र घरी जुळवलेले यंत्रही कायद्याच्या कक्षेत येते. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' आणि त्याहून अधिक पण 2 किलोपर्यंतचा 'मायक्रो' गणला जातो. आपले 1200 ग्रॅमचे यंत्र दुसऱ्या गटात पडते. हौसेसाठी मायक्रो ड्रोन उडवणाऱ्याला या नियमांनी वैमानिकाच्या प्रमाणपत्रातून सूट दिली. यंत्राची नोंदणी करून क्रमांक घेण्याची अट मात्र ठेवली. मोकळ्या, म्हणजे 'हिरव्या' क्षेत्रात 120 मीटर उंचीची मर्यादा घातली. विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 60 मीटर आहे. त्याहून जवळ परवानगीवाचून उडवता येत नाही. लखनौचा विमानतळ अमौसीला, शहराला लागूनच आहे. म्हणून तेथील हौशी माणसाला यंत्र बाहेर काढण्यापूर्वी नकाशा पाहावा लागतो.

आणि कॅमेरा बसवलात तर? जुन्या लखनौमध्ये, तसेच पुण्याच्या पेठांमध्येही, एक गच्ची दुसरीला खेटून असते. कोणी पापड वाळत घालते, कोणी केस वाळवत बसते. पतंग त्यांच्या डोक्यावरून जातो, पण पाहत नाही.

स्वाध्याय

1. 1907 च्या यंत्राभोवती चार माणसे का उभी होती? तेच काम आज कोणता भाग करतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.

2. एका ड्रोनचे वजन 900 ग्रॅम आहे. प्रत्येक मोटारीचा जोर 400 ग्रॅम असेल, तर तो सुरक्षितपणे उडेल का? हिशेब मांडा. त्यावर 300 ग्रॅमचा कॅमेरा बसवला तर?

3. तुमच्या शेजारच्या मुलाने ड्रोन जुळवला आहे आणि तो संध्याकाळी गच्चीवरून उडवणार आहे. तुम्ही त्याला काय विचाराल? दोघांमधील संवाद लिहा.